यंत्रांचे पाळीपत्रक



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत छापले गेले तेव्हापासून दोघातिघांनी मला वाटेत गाठून विचारले की, संगणकाच्या कामांचे वेळापत्रक हा काय दिंडोरीत बोलण्याचा विषय झाला? द्राक्षांवर बोला, पाण्यावर बोला, कांद्याच्या भावावर बोला! मी त्यांना म्हटले, पाण्यावरच बोलणार आहे, आणि शेवटी द्राक्षांवरही येणार आहे. मधल्या वेळात संगणकाचे थोडे ऐकून घ्यावे लागेल एवढेच.

तुम्ही-आम्ही रात्री निजतो तेव्हा आपल्या नावाने पुष्कळ कामे चालू असतात. बँकेच्या दिवसभराच्या नोंदी मिटवल्या जातात, व्याज लावले जाते, वीज-देयके तयार होतात, उद्याच्या गाड्यांच्या याद्या लागतात, हिशेबाच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवल्या जातात. ह्यांतले एकही काम एकटे नसते. एकातून दुसरे निघते, दुसऱ्याच्या पोटात चार लहान कामे असतात, त्या चारांतले एक बिघडले तर बाकीच्यांनी थांबायचे की पुढे जायचे हे कोणी तरी ठरवावे लागते. पूर्वी हे ठरवायला रात्रपाळीचा माणूस असे. आता त्याच्या जागी एक आज्ञावली बसवलेली असते. ती स्वतः व्याज मोजत नाही की देयके छापत नाही. कोणी, केव्हा, कोणाच्या मागून काम करायचे एवढेच ती पाहते. वाद्यवृंदाच्या संचालकावरून इंग्रजीत तिच्या कामाला ऑर्केस्ट्रेशन म्हणतात. मला ती उपमा फारशी पटत नाही. वाद्यवृंदात सगळे एकमेकांसमोर बसलेले असतात आणि एकमेकांचे ऐकू शकतात. इथे कोणी कोणाला पाहत नाही. ह्याहून जवळची वस्तू आपल्या तालुक्यात आहे, ती म्हणजे पाटाच्या पाण्याचे पाळीपत्रक.

कोळवण नदीवरचे आपले वाघाड धरण घ्या. धरणातले पाणी शेतापर्यंत कसे येते? आवर्तने किती आणि केव्हा द्यायची हे हंगामाच्या आरंभी कालवा सल्लागार समितीत ठरते. हे झाले सर्वांत बाहेरचे वेळापत्रक. त्यात एकाही शेतकऱ्याचे नाव नसते. त्या आवर्तनाच्या पोटात कालव्याचे वेळापत्रक असते : कोणती चारी किती दिवस चालायची. चारीच्या पोटात पोटचाऱ्यांचे, पोटचारीच्या पोटात एकेका दाराचे, आणि अगदी आत, ज्याला आपण शेजपाळी म्हणतो ते, शेतकऱ्याशेतकऱ्याचे : अमुक गट, अमुक वार, रात्री इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन दारे धरायला गेलेल्या माणसाला धरणातून किती पाणी सुटले ह्याच्याशी कर्तव्य नसते. आणि धरणाचा दरवाजा उचलणाऱ्याला ह्या माणसाचे नावही ठाऊक नसते. तरी त्या दोघांची गाठ पडते. एका वेळापत्रकात दुसरे, दुसऱ्यात तिसरे, अशी डब्यात डबी बसवल्यासारखी ही रचना आहे, आणि संगणकवाले ज्याला नेस्टिंग म्हणतात ते हेच.

वाघाडला ह्या रचनेचा एक इतिहास आहे. शेवटाकडच्या, म्हणजे ओझरच्या बाजूच्या शेतकऱ्यांना कालव्याचे पाणी पुरेसे पोचत नव्हते. १९९१च्या सुमारास तिथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे ह्यांची नावे त्या कामाशी निगडित आहेत. पुढे सबंध प्रकल्पावर चोवीस संस्था झाल्या, २००३ साली त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था झाली, आणि २००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींच्या व्यवस्थापनाचा कायदाच केला. ह्या साऱ्यातला कळीचा मुद्दा कोणता, तर पाणी मोजून घेणे. खाते संस्थेच्या तोंडाशी मोजून पाणी देते; आत ते कोणाला, किती, केव्हा, हे संस्था ठरवते. खात्याला प्रत्येक शेतकऱ्याचा नमुना सात अर्ज चाळत बसावे लागत नाही, आणि संस्थेला धरणाचे गणित मांडावे लागत नाही. दोघांमध्ये फक्त एक मोजमाप असते आणि एक कबुली असते. वरच्याने आतल्याच्या कारभारात डोके घालायचे नाही, आतल्याने आपले काम झाल्याचे वर कळवायचे. ही कबुली नीट असली की डबीत डबी कितीही बसवा, चालते. ती ढिली झाली की सगळे विस्कटते. माझ्या मते ह्या विषयात शिकण्यासारखे आहे ते इथेच आहे. ‘झाले’ हा शब्द कोणी, केव्हा आणि कशाच्या जोरावर उच्चारायचा, ह्या एका प्रश्नाभोवती ही सारी विद्या फिरते.

आता संगणकाकडे वळू. यंत्राला काम लावून देण्याची सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत जास्त चालणारी रीत घड्याळाची आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स नावाची संगणक-प्रणाली तयार झाली. १९७९ साली निघालेल्या तिच्या सातव्या आवृत्तीत क्रॉन नावाची एक लहानशी आज्ञावली होती. ती दर मिनिटाला जागी होते, आपली वही उघडते, आणि ह्या मिनिटाला कोणाचे काम लावलेले आहे का ते पाहते. वहीतल्या प्रत्येक ओळीत पाच रकाने असतात : मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार. जिथे काही बंधन नको तिथे फुली मारल्यासारखे एक नक्षत्रचिन्ह ठेवतात. ‘तीस, दोन’ आणि पुढे तीन नक्षत्रे, ह्याचा अर्थ दररोज रात्री अडीच वाजता. इतके सोपे! मात्र ह्या सोपेपणात एक खोच आहे. तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले तर क्रॉन ‘दोन्ही जुळले तर’ असे समजत नाही, ‘दोन्हींपैकी कोणतेही जुळले तर’ असे समजतो. एक तारखेला सोमवार आला तरच काम करा असे सांगायला गेलेल्या माणसाचे काम दर एक तारखेला होते आणि शिवाय दर सोमवारीही होते.

दुसरी खोच वेळेचीच आहे. पुष्कळ सर्व्हर ग्रिनिचच्या वेळेशी जुळणारी जागतिक वेळ पाळतात, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. एकदा मी स्वतः एका कामाची वेळ मोठ्या विचारपूर्वक ‘रात्री अडीच’ अशी लिहिली. हेतू हा की तेव्हा कार्यालयात कोणी नसावे. ते काम दररोज बरोबर सकाळी आठ वाजता सुरू होई, आणि कार्यालय उघडायच्या सुमारास यंत्र दमलेले असे. चूक सापडायला मला तीन आठवडे लागले. घड्याळ बरोबर होते. कोणत्या गावचे, हे विचारायचे राहिले होते.

परंतु ह्या किरकोळ गोष्टी झाल्या. घड्याळाच्या रीतीतले खरे वैगुण्य निराळे आहे. समजा, रात्री एक वाजता सर्व शाखांचे आकडे गोळा करायचे, दोन वाजता त्यांवर व्याज लावायचे, तीन वाजता सगळ्याची प्रत काढून ठेवायची. गोळा करायला चाळीस मिनिटे लागतात, म्हणून दोनची वेळ सुरक्षित वाटते. एक वर्ष वाटते, दोन वर्षे वाटते. शाखा वाढतात, खाती वाढतात, आणि मार्चअखेरच्या एका रात्री गोळा करण्याचे काम सत्तर मिनिटे चालते. दोन वाजता व्याजाचे काम ठरल्याप्रमाणे उठते आणि अर्ध्या आकड्यांवर व्याज लावून मोकळे होते. तीन वाजता त्या चुकीच्या हिशेबाची अगदी व्यवस्थित प्रत निघते. सकाळी पाहावे तर तिन्ही कामांपुढे बरोबरची खूण! कोणीही खोटे बोललेले नाही. फक्त दुसऱ्याने पहिल्याला ‘तुझे झाले का?’ असे विचारले नाही; त्याने भिंतीवरच्या घड्याळाला विचारले, आणि घड्याळाला पहिल्याच्या कामाची काय वार्ता? पाळीपत्रकात सकाळी सहाची वेळ आहे म्हणून शेतकऱ्याने दार उघडले, पण वरच्याचे भरणे आटोपलेलेच नाही, तर त्या वेळेला काय अर्थ राहिला, हे आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगायला नको.

म्हणून दुसरी रीत आली : वेळेवर नव्हे, मागच्याच्या पूर्ततेवर काम सुरू करणे. कोणाच्या मागून कोण हे कागदावर बाणांनी काढायचे. लग्नघरात आपण हेच करतो. मुहूर्त ठरल्याशिवाय कार्यालय नाही, कार्यालयाशिवाय पत्रिका नाही, पत्रिकेशिवाय आमंत्रणे नाहीत, पण दागिने आणि कापड मात्र ह्या सगळ्यांच्या बरोबरीने चालू शकते. बाणांच्या ह्या चित्राला एकच अट आहे : बाण फिरून मूळ जागी येता कामा नये. सोनार म्हणतो आगाऊ रक्कम मिळाल्याशिवाय काम धरणार नाही, आणि यजमान म्हणतो काम पाहिल्याशिवाय रक्कम देणार नाही. असे वर्तुळ झाले की मुहूर्त टळला म्हणून समजावे. अशा चित्रातून कामांचा क्रम बिनचूक कसा लावायचा आणि वर्तुळ कसे ओळखायचे, ह्याची एक अतिशय सुटसुटीत रीत ए. बी. कान ह्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केली. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही असे काम आधी उचला, त्याचे बाण पुसा, पुन्हा तसेच काम शोधा. कामे उरली असताना असे एकही सापडेनासे झाले तर वर्तुळ आहे. बस्स. आजच्या मोठमोठ्या नियोजक आज्ञावलींच्या मुळाशी हीच रीत आहे.

आता आपल्याला कामाच्या पोटातल्या कामाकडे यायचे आहे. पोटचारी तशी ही पोटकामे. एका साखळीत तीसचाळीस कामे झाली की माणूस तिचे तुकडे करतो. ‘आकडे गोळा करणे’ ह्या एका कामाच्या आत दहा पोटकामे लपवतो, आणि वरच्या चित्रात त्याचा एकच ठिपका दाखवतो. ह्यात सोय मोठी आहे. ‘निरोप पाठवणे’ हे पोटकाम एकदा बांधले की पगाराच्या साखळीला, देयकांच्या साखळीला, सगळ्यांना ते वापरता येते. दर वेळी फक्त कोणाला आणि काय एवढे सांगायचे. मात्र सोयीबरोबर जोखीमही येते : त्या एका पोटकामाला हात लावला की पंचवीस साखळ्यांना धक्का बसतो, आणि ज्याने हात लावला त्याला त्यांतल्या तीनच माहीत असतात.

ह्यापुढे वरच्या कामाने आतल्याची वाट पाहायची की नाही, हे ठरवावे लागते. काही वेळा पाहू नये हेच बरे. निरोप पाठवायला सांगितले, पोस्टमन निघाला, आपण आपल्या कामाला लागावे. परंतु व्याजाचे काम आकड्यांची वाट न पाहता पुढे गेले तर मघाचाच घोटाळा. पुष्कळ आज्ञावल्यांत हा केवळ एका खुणेचा प्रश्न असतो. ती खूण विसरली की आतले काम नुसते सुरू झाले की वरचे काम ‘झाले’ म्हणून मोकळे होते. हाक मारणे आणि ओ मिळणे ह्यांत फरक आहे. तसेच आतले काम बिघडले तर ते वर कळले पाहिजे. हे सांगणे बालिश वाटेल, पण आतल्याने आपले अपयश गिळून ‘सर्व ठीक’ असा निरोप वर धाडणे हा यंत्रांतही फार नेहमीचा प्रकार आहे. कारण कार्यक्रम लिहिणाऱ्याला आपली साखळी तुटलेली दिसणे आवडत नाही! माणसाने शिकवले तसेच यंत्र वागते.

वाट पाहण्यातही एक सापळा आहे. तो मला पंगतीच्या भाषेत सांगू द्या. एका यजमानाकडे पाचच पाट आहेत. (हा पाट बसायचा, पाण्याचा नव्हे.) पाच आजोबा येऊन पाचांवर बसले. प्रत्येकाचा पण असा की, माझा नातू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही आणि उठणारही नाही. पाच नातू दाराशी उभे. पाट रिकामा झाल्याशिवाय त्यांना बसता येत नाही. वाढपी भात घेऊन उभा आहे, पाने मांडलेली आहेत, कोणी आजारी नाही, कोणी भांडलेले नाही, आणि तरीही ती पंगत कल्पांतापर्यंत उठणार नाही. संगणकात एका वेळी किती कामे चालवायची ह्याची मर्यादा असते, ते पाट. वरची कामे ते अडवून आतल्यांची वाट पाहत बसली की हीच अवस्था. ह्यात त्रुटीची घंटाही वाजत नाही, कारण चुकलेले काहीच नसते. सगळे ‘चालू आहे’.

ही कल्पित गोष्ट नाही. एअरफ्लो नावाची एक नियोजक आज्ञावली आज जगभर वापरली जाते. २०१४ साली एअरबीएनबी ह्या अमेरिकन कंपनीत मॅक्सिम बोशमाँ ह्यांनी ती सुरू केली आणि पुढे ती सर्वांना मोफत खुली झाली. तिच्यात साखळीच्या पोटात साखळी बसवण्याची जी पहिली सोय होती, तिला हाच पंगतीचा दोष जडला होता : वरचे काम जागा अडवून बसे आणि आतल्यांना जागा मिळत नसे. जाणती माणसे ती सोय वापरू नका म्हणून एकमेकांना सांगत. २०२०च्या डिसेंबरात निघालेल्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत तिच्याऐवजी गट पाडण्याची नवी रीत आली, ज्यात आतली कामे खरे पाहता त्याच एका साखळीत राहतात, फक्त चित्रात एकत्र बांधलेली दिसतात; आणि २०२५ साली तिसऱ्या आवृत्तीत जुनी सोय काढूनच टाकली. दुसरा उपाय असा की, आजोबांनी नातवाचे नाव वाढप्याला सांगून पाटावरून उठावे, ओसरीवर बसावे, आणि नातू जेवला की हाक आल्यावर परत यावे. आजच्या बहुतेक चांगल्या आज्ञावल्या असे करू शकतात.

काम बिघडले तर पुन्हा करून पाहावे, हा उपाय सर्वांना सुचतो आणि तो बहुधा बरोबरही असतो. तार मध्येच तुटली होती, आता जोडली गेली; करा पुन्हा. पण कोणते काम पुन्हा करता येते? शेतात पाणी भरले आहे का ते पाहणे, हे शंभरदा करता येते. पाणी भरणे मात्र दुसऱ्यांदा केले तर पीक पिवळे पडते. खात्यात एक हजार रुपये जमा करण्याचे काम केले, पण ‘झाले’ हा निरोप वाटेत हरवला. वरच्याला वाटले झाले नाही, त्याने पुन्हा करवले. दोन हजार जमा! म्हणून शहाणा कारागीर कामच असे बांधतो की ते दोनदा केले तरी परिणाम एकदाच व्हावा. प्रत्येक व्यवहाराला एक क्रमांक द्यायचा, आणि हा क्रमांक आधी येऊन गेला असेल तर नुसते ‘झाले’ म्हणायचे, जमा करायचे नाही.

द्राक्षाचे पैसे बागाईतदाराच्या खात्यात ज्या एनईएफटी पद्धतीने येतात, ती ह्याच तत्त्वांवर उभी आहे. १६ डिसेंबर २०१९पासून ती अहोरात्र चालते. दर अर्ध्या तासाला एक गठ्ठा, असे दिवसाचे अठ्ठेचाळीस गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्याच्या पोटात पुन्हा गोळा करणे, बँकवार लावणे, देण्याघेण्याचा मेळ घालणे, पोचते करणे अशी कामे. आणि मला तिच्यातला सर्वांत आवडलेला नियम असा की, पोचत्या बँकेने गठ्ठा मिटल्यापासून दोन तासांच्या आत पैसे एक तर खात्यात जमा केले पाहिजेत, नाही तर परत पाठवले पाहिजेत. ‘पाहतो, करतो’ ह्याला जागा नाही. वाट कुठवर पाहायची हे आधीच ठरवून ठेवणे, ही साधी गोष्ट ज्या साखळ्यांत राहून गेलेली असते त्या रात्रभर ‘चालू आहे’ म्हणत राहतात.

ह्या व्यवस्थेचा कणा मोडला तर काय होते ते इंग्लंडने २०१२ साली पाहिले. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड ही मोठी जुनी बँक. नॅटवेस्ट आणि अल्स्टर बँक तेव्हा तिच्याच घरच्या. रात्रीची कामे लावून देणाऱ्या आज्ञावलीची नवी आवृत्ती १७ जून २०१२ रोजी, रविवारी, बसवण्यात आली. काही तरी बरोबर नाही असे दिसल्यावर १९ जूनला ती काढून जुनी परत बसवण्याचे ठरले. पण जुनीला परत आणले तर काय होईल हे तपासलेले नव्हते, आणि ती नव्या मांडणीशी जुळेना. त्या रात्रीचा गठ्ठा मिटला नाही. आजचा मिटल्याशिवाय उद्याचा सुरू करायचा नाही, हा नियम बरोबरच होता. तो मोडला असता तर हिशेब कायमचे बिघडले असते. परंतु बरोबर नियमामुळेच दिवसांवर दिवस साचत गेले. ब्रिटनमधल्या पासष्ट लाखांहून अधिक ग्राहकांना झळ लागली. कोणाचा पगार दिसेना, कोणाचा घराचा हप्ता जाईना. अल्स्टर बँकेच्या ग्राहकांचे हाल तर जुलैपर्यंत लांबले. नोव्हेंबर २०१४मध्ये तिथल्या दोन नियामक संस्थांनी मिळून बँकेला पाच कोटी साठ लाख पौंडांचा दंड केला. ध्यानात घ्या की, ह्यात व्याजाचे गणित चुकले नव्हते, पैसे कोणी चोरले नव्हते. कामे करणारी यंत्रे शाबूत होती. कोणी केव्हा उठायचे हे सांगणारे एकटे पाळीपत्रक हरवले होते.

येथवर ऐकून तुम्हांस वाटेल की, ‘झाले’ हा निरोप वेळेवर आणि खरा मिळाला की भागले. आता द्राक्षांवर येतो.

युरोपात द्राक्ष पाठवायचे तर बागेची नोंदणी आधी कृषी खात्याकडे होते. प्रत्येक प्लॉटला क्रमांक मिळतो. पुढे त्या प्लॉटचे नमुने प्रयोगशाळेत जातात, औषधांचे अंश मोजले जातात, माल उत्तीर्ण झाला तरच पॅकहाऊसची, प्रतवारीची आणि शेवटी रोगमुक्ततेच्या दाखल्याची पायरी उघडते. ही सगळी साखळी अपेडा ह्या केंद्रीय संस्थेच्या ग्रेपनेट नावाच्या संगणक-प्रणालीवर चालते. आपण आतापर्यंत जे गुण सांगितले ते बहुतेक तिच्यात आहेत. घड्याळ पाहून कोणतीही पायरी उघडत नाही, मागचीची पूर्तता पाहूनच उघडते. प्रयोगशाळेचे काम हे मोठे पोटकाम. त्याच्या आत काय चालते ते निर्यातदाराला दिसत नाही, त्याला फक्त निकाल मिळतो. नमुना नापास झाला की तो प्लॉट अडतो आणि पुढचा दाखला निघू शकत नाही. मोहाडीच्या, खेडगावच्या, जानोरीच्या आपल्या मंडळींना ह्या पायऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या पाठ आहेत.

२०१०च्या हंगामात ह्या साखळीतून हजारो पेट्या रीतसर बाहेर पडल्या. प्रत्येक पायरीवर ‘झाले’ अशी नोंद होती, आणि ती खरी होती. माल युरोपच्या बंदरात पोचला, आणि तिथे त्याच्यात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. आपले शेतकरी ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात, छाटणीनंतर वेलीची भरमसाट वाढ आवरण्यासाठी जे वापरतात, ते हेच द्रव्य. तिकडे त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम इतकी बारीक होती. कंटेनर अडकले, खरेदीदारांनी हात आखडले, आणि ज्यांनी सगळे नियम पाळले होते अशा बागाईतदारांचेही वर्ष बुडाले. जिल्ह्यातली कित्येक घरे त्या कर्जातून वर यायला पुढची काही वर्षे लागली.

प्रयोगशाळांनी तपासणी केली नव्हती काय? केली होती. यादीतले प्रत्येक औषध तपासले होते. पण ज्या यादीवरून तपासणी होत असे तिच्यात ह्या द्रव्याचे नाव नव्हते. पोटकामाने जे विचारले त्याचे उत्तर चोख दिले, वरच्याने ते उत्तर मान्य केले, पुढची पायरी उघडली. साखळीची एकही कडी तुटली नाही, एकही निरोप हरवला नाही. यंत्राला विचारले असते तर ते आजही म्हणाले असते, सर्व कामे यशस्वी. मघाच्या इंग्रज बँकेत पाळीपत्रक मोडले म्हणून अनर्थ झाला. इथे पाळीपत्रक अक्षरशः पाळले गेले आणि अनर्थ झाला. मला विचाराल तर दुसरा प्रकार अधिक भीतिदायक आहे, कारण पहिल्यात रात्रीच घंटा वाजते आणि दुसऱ्यात माल समुद्रापलीकडे गेल्यावर.

पुढच्या हंगामापासून क्लोरमेक्वाटचे नाव तपासणीच्या यादीत आले. ही यादी आता दर वर्षी नव्याने काढली जाते. संगणकातली साखळी त्यासाठी बदलावी लागली नाही. पायऱ्या त्याच, बाण तेच, क्रम तोच. प्रयोगशाळेच्या पायरीच्या पोटात एक ओळ वाढली.